भोसरीतल्या कारखान्याचा सर्व्हर लॉक झाला. कायदा कुठवर साथ देतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भोसरी एमआयडीसीत तुमच्या भावाचा गाड्यांच्या सुट्या भागांचा कारखाना आहे. सोमवारी सकाळी कामावर आल्यावर सर्व्हरवरच्या सगळ्या फाइल्स लॉक झालेल्या दिसल्या, आणि स्क्रीनवर बिटकॉइनमध्ये खंडणीची मागणी. कॉम्प्युटरचं काम बघणारा म्हणतो, फॉरमॅट मारून नव्याने सुरू करू. सीए म्हणतात, बोभाटा नको. तिसऱ्या कुणीतरी सांगितलं की सहा तासांत सरकारला कळवलं नाही तर तुरुंग. यातलं खरं काय, खंडणी द्यावी का, आणि आपला कायदा या गुन्ह्यांच्या मागे पडला आहे का, असं तुम्ही विचारलंय.

शिवाजीनगर कोर्टात आणि मंत्रालयात, सायबर नुकसानभरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यांसमोर, मी बरीच वर्षं ही प्रकरणं चालवतोय, त्या अनुभवावरून उत्तर देतो. कायदा मागे पडलाय असं सरसकट म्हणता येणार नाही. घटना कळवण्याची सक्ती, डिजिटल पुरावा आणि डेटा सांभाळण्याची जबाबदारी या बाबतीत तो गेल्या काही वर्षांत झपाट्याने पुढे गेला आहे. पण ज्याचं नुकसान झालं त्याला ते कोण भरून देणार, या प्रश्नावर तो थांबलाय, आणि एका ठिकाणी तर मागे जाणार आहे. मला त्याची खरी काळजी वाटते, म्हणून उत्तर लांबलंय.

आधी सहा तासांचं बघू, कारण तुमच्या भावाच्या दृष्टीने तेच तातडीचं आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७० ब खाली सर्ट-इन ही सायबर हल्ल्यांच्या घटना हाताळणारी केंद्र सरकारची संस्था काम करते. तिने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, सरकारी कार्यालयं आणि व्यावसायिक संस्था यांना सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणं त्यांनी बंधनकारक केलं. सिस्टिमचे लॉग १८० दिवस जपायचे आणि संगणकांची घड्याळं सरकारी वेळेशी जुळवून ठेवायची, हेही त्यातच आहे. लघुउद्योगांना तयारीसाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत वाढवून दिली होती, ती कधीच संपली. ‘आमची साधी प्रोप्रायटरी फर्म आहे, आम्हाला हे लागू नाही’ असं मला अनेक कारखानदार सांगतात. त्यावर विसंबू नका. याच अधिनियमात दुसरीकडे केलेल्या व्याख्येत कंपनीबरोबर भागीदारी फर्म आणि एकट्या मालकाचा व्यवसायही धरला आहे.

तुरुंगाची गोष्ट अर्धी खरी आहे. निर्देश न पाळल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, अशी तरतूद आहे. या दंडाची कमाल मर्यादा आधी एक लाख होती, २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती एक कोटीवर नेली. पण घाबरून गप्प बसण्यासारखं यात काही नाही. सहा तासांत सगळा तपशील द्यावा लागत नाही. हाताशी आहे तेवढी माहिती आधी पाठवायची, बाकीची मागाहून. आता सहा तास उलटून गेले असले तरी आजच कळवा, उशीर का झाला ते दोन ओळींत लिहा. सीएंना बोभाट्याची भीती वाटत असेल तर त्यांना सांगा की नोव्हेंबर २०२३ पासून सर्ट-इनला माहिती अधिकाराच्या कक्षेतून वगळलं आहे, त्यामुळे तुमचा अहवाल कुणी अर्ज करून मागवू शकत नाही. नागरिक म्हणून ही सूट मला फारशी रुचलेली नाही. पण कारखानदाराची भीती त्यामुळे कमी होते, हेही खरं.

आता फॉरमॅट. भावाला आत्ताच्या आत्ता फोन करून सांगा की त्या सर्व्हरची मूळ हार्ड डिस्क कुणीही पुसायची नाही. काम सुरू करायची घाई असेल तर नवी डिस्क घाला आणि जुनी काढून, पाकिटात सील करून, त्यावर तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या घेऊन कपाटात ठेवा. पुढे पोलीस, विमा कंपनी, सॉफ्टवेअर पुरवठादार, कुणाशीही वाद झाला तर ती डिस्क हाच तुमचा साक्षीदार असेल.

पुराव्याच्या कायद्यातला बदल महाराष्ट्रातल्या वाचकाने तरी समजून घ्यावा, कारण त्यातला महत्त्वाचा निकाल आपल्याच जालन्याच्या निवडणुकीतून आला. अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यातल्या वादात, उमेदवारी अर्ज नेमका किती वाजता दाखल झाला, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणावरून ठरवायचं होतं. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरण कोर्टात हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत. एक पुरावा देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात त्या फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा, लिहावी लागते. फाइलमधला एक स्वल्पविराम जरी बदलला तरी हा आकडा बदलतो, त्यामुळे नंतर कुणी छेडछाड केली का ते लगेच कळतं. तपास करणाऱ्यांसाठी आणि आम्हा वकिलांसाठी ही फार चांगली तरतूद आहे. अडचण व्यवहारातली आहे. स्क्रीनशॉटच्या प्रिंटा काढून तक्रारीला जोडणाऱ्या माणसाला हॅश म्हणजे काय ते माहीत नसतं, आणि सही करायला तयार असलेला तज्ज्ञ तालुक्याच्या गावी सहज मिळत नाही. पुण्यात मिळतो. जुन्नर-भोरमध्ये काय करायचं, याचं उत्तर कायद्याने दिलेलं नाही.

गुन्हा कोणता लागतो, हे आता थोडक्यात. सर्व्हर लॉक करणं हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ सह ६६ खाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. खंडणीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८, सात वर्षांपर्यंत. फिर्यादीत दोन्हींचा उल्लेख करा, कारण माहिती तंत्रज्ञान अधिनियमातले तीन वर्षांचे गुन्हे जामीनपात्र आहेत. नव्या संहितेत संघटित गुन्हेगारीचं कलम १११ आलंय आणि त्यात सायबर गुन्ह्यांचा नावानिशी उल्लेख आहे, किमान पाच वर्षं शिक्षा आहे. मकोका १९९९ पासून वापरणाऱ्या महाराष्ट्राला त्याची भाषा ओळखीची वाटेल. मात्र आरोपींच्या टोळीवर आधीच्या दहा वर्षांत एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं असावी लागतात, आणि सायबर टोळ्या दर वेळी नवे चेहरे पुढे करतात. तक्रार ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. हद्दीचं कारण सांगून कुठलंही ठाणं फिर्याद नाकारू शकत नाही, शून्य क्रमांकाने ती नोंदवून घ्यावी लागते. तपास मात्र पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा. २००० सालच्या मूळ कायद्यात उपअधीक्षक लागत असे, २००८ च्या दुरुस्तीने ती अट खाली आणली. उपनिरीक्षकांमध्ये आज उत्तम तांत्रिक शिक्षण घेतलेली तरुण मुलं-मुली आहेत. ही अट आणखी खाली आणायला हवी असं माझं ठाम मत आहे.

गुन्हेगार सापडेल का? पुण्याने याचं उत्तर फार मोठी किंमत देऊन अनुभवलं आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये गणेशखिंड रस्त्यावर मुख्यालय असलेल्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला आणि दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, आणि स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीमार्गे जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. चतुःशृंगी ठाण्यात गुन्हा दाखल झाला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवलं. पाच वर्षांच्या आत शिक्षा लागली, हे पोलिसांचं आणि सरकारी वकिलांचं मोठं यश होतं. पण ही माणसं बनावट कार्डं घेऊन एटीएमसमोर उभी राहणारी होती. हल्ला रचणारे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने उत्तर कोरियाशी जोडले, आणि तिथवर आपलं कुठलंही वॉरंट पोहोचत नाही. आपल्या अधिनियमाचं कलम ७५ म्हणतं की भारतातल्या संगणकावर परदेशातून हल्ला झाला तरी हा कायदा लागू. कागदावर ते बरोबर आहे. पण परदेशातल्या सर्व्हरची माहिती मिळवायला त्या देशाचं सहकार्य लागतं, आणि सायबर गुन्ह्यांवरच्या २००१ च्या आंतरराष्ट्रीय बुडापेस्ट करारात भारत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २४ डिसेंबर २०२४ रोजी सायबर गुन्ह्यांविरुद्धचा नवा करार स्वीकारला, ऑक्टोबर २०२५ मध्ये हनोईत तो सह्यांसाठी खुला झाला. चाळीस देशांनी मान्यता दिल्यावर नव्वद दिवसांनी तो लागू होईल.

कॉसमॉसनंतर जे घडलं त्याची चर्चा मात्र कमी होते. हल्ल्याला अडीच महिनेही झाले नव्हते तेव्हा, ऑक्टोबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये बँकेच्या डिजिटल व्यवहारांच्या पसाऱ्यानुसार चार पातळ्यांची सविस्तर चौकट आणली. संसदेने एकही कलम न बदलता पेठेतल्या छोट्या सहकारी बँकेच्या संचालक मंडळाला सायबर सुरक्षा हा विषय अजेंड्यावर घ्यावा लागला. आपल्याकडे कायदा बऱ्याचदा असाच बदलतो. अधिनियम तसाच राहतो आणि नियामकाची परिपत्रकं पुढे जातात. सेबीने शेअर बाजाराशी संबंधित संस्थांसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये अशीच चौकट आणली. बँकांची संकेतस्थळं आता डॉट बँक डॉट इन या राखीव पत्त्यावर गेली, तीही रिझर्व्ह बँकेच्याच आदेशाने. तुमच्या भावाच्या कारखान्यावर असा कुणी नियामक नाही. तिथे सर्ट-इनचे निर्देश आणि येऊ घातलेला डेटा कायदा एवढंच आहे.

इथून पुढचा भाग कृपया लक्ष देऊन वाचा.

२००५ साली पुण्यातल्या एका बीपीओतल्या कर्मचाऱ्यांनी अमेरिकन बँकग्राहकांचे पिन गोड बोलून काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर वळते केले. तेव्हा देशभर प्रश्न उठला की ग्राहकांचा डेटा सांभाळणाऱ्या कंपनीची जबाबदारी कायद्यात कुठे आहे? ती नव्हतीच. २००० सालचा कायदा मुळात ऑनलाइन व्यापाराला आणि डिजिटल सहीला मान्यता देण्यासाठी केलेला होता. २००८ च्या दुरुस्तीत कलम ४३ अ आलं. संवेदनशील वैयक्तिक माहिती हाताळणाऱ्या संस्थेने वाजवी सुरक्षा ठेवली नाही आणि त्यामुळे नुकसान झालं, तर तिने पीडिताला भरपाई द्यायची. पाच कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांसमोर, न्यायनिर्णय अधिकारी म्हणून, चालतात. वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि चार ते सहा महिन्यांत निकाल द्यावा असं नियम सांगतात. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, पण दिवाणी कोर्टाच्या मानाने तो खूपच कमी असतो.

या मार्गाने काय होऊ शकतं, हे महाराष्ट्राने दाखवलं. २०१३ मध्ये त्या वेळचे माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांनी पुण्यातल्या एका उद्योजकाच्या प्रकरणात पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये द्यायला सांगितलं. फिशिंगचा मेल खरा समजून उद्योजकाने माहिती दिली होती आणि खात्यातून ८० लाखांहून अधिक रक्कम गेली होती. त्याची चूक धरूनही, ज्या खात्यांत पैसे गेले ती खाती उघडताना आणि संशयास्पद व्यवहार रोखताना बँकेने हलगर्जी केली, हे आदेशात मान्य झालं. दोघांच्या वाट्याला आपापली जबाबदारी आली. मला हा न्याय फार मोलाचा वाटतो.

आता डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा येतोय. संसदेने तो ऑगस्ट २०२३ मध्ये केला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटींपर्यंत दंड. डेटा फुटल्यास डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचं, ७२ तासांत सविस्तर अहवाल द्यायचा, आणि ज्यांचा डेटा फुटला त्या प्रत्येकाला सांगायचं. या शेवटच्या तरतुदीचं मी मनापासून स्वागत करतो. आजवर आपला डेटा फुटल्याचं आपल्याला वर्तमानपत्रातून कळत आलंय. तुमच्या भावाकडे कामगारांची आधार कार्डं, पगाराचे तक्ते, हजेरीच्या यंत्रातले बोटांचे ठसे असतील, तर तोही या कायद्याखाली येतो.

पण याच कायद्यात एक छोटं पोटकलम आहे. मुख्य जबाबदाऱ्या लागू होतील त्याच दिवशी माहिती तंत्रज्ञान अधिनियमातलं कलम ४३ अ रद्द होईल. नव्या कायद्यातला दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याचा डेटा फुटला, ज्याच्या नावावर कुणीतरी कर्ज काढलं, त्याला त्यातला एक रुपयाही मिळण्याची सोय नाही. मंडळाच्या अखत्यारीतल्या विषयात दिवाणी कोर्टातही जाता येत नाही. हॅकरविरुद्ध किंवा त्याला मदत करणाऱ्याविरुद्ध कलम ४३ खाली दावा उरतो, ग्राहक आयोगही उरतो. पण डेटा नीट न सांभाळणाऱ्या संस्थेकडून थेट भरपाई मागण्याचा खास रस्ता बंद होतोय, आणि त्यावर पुण्यासारख्या शहरातसुद्धा फारसं कुणी बोलत नाही. मे २०२७ च्या आत ही चूक दुरुस्त करता येईल. त्यासाठी खासदारांना पत्रं लिहायला हवीत, वकील संघटनांनी आणि ग्राहक पंचायतीने हा विषय हाती घ्यायला हवा.

हीच उणीव ज्येष्ठ नागरिकांच्या फसवणुकीत जास्त बोचते. कोथरूड, औंध, सहकारनगरमधली निवृत्त माणसं, मुलं परदेशात, आणि व्हिडिओ कॉलवर खाकीतला माणूस ‘डिजिटल अरेस्ट’ सांगतोय. कुठल्याही भारतीय कायद्यात अशी अटक नाही, हे कितीही सांगितलं तरी कमीच. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबरला देशभरातल्या या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला. टेलिकॉम कायदा २०२३ ने खोट्या ओळखीवर सिम घेणाऱ्याला तीन वर्षं कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड ठेवला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तासाभरात फोन गेला तर पैसे वाटेत अडण्याची शक्यता चांगली असते. अडलेले पैसे परत मिळवायला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, ही पायरी लोकांना कुणी सांगत नाही आणि रक्कम महिनोन्‌महिने गोठलेली राहते.

पण जे अडले नाहीत त्या पैशांचं काय? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, त्रयस्थाच्या कारवाईने अनधिकृत व्यवहार झाला आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर काही बोजा नाही. डिजिटल अरेस्टमध्ये मात्र त्या भेदरलेल्या बाईंनी स्वतःच आरटीजीएस केलेलं असतं. तो व्यवहार ‘अधिकृत’ ठरतो आणि संरक्षण संपतं. ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून याच कोंडीवर उपाय केला. फसवून करून घेतलेल्या हस्तांतरातही बँकांनी ८५ हजार पौंडांपर्यंत भरपाई द्यायची, आणि ती पैसे पाठवणाऱ्या व घेणाऱ्या बँकेने निम्मी निम्मी सोसायची. घेणाऱ्या बँकेवर निम्मा भार पडला की चोरीचे पैसे फिरवायला भाड्याने दिलेली खाती, म्हणजे म्यूल खाती, शोधायची निकड तिला आपोआप वाटते. पुण्यात शिकायला आलेली मुलं चार-पाच हजारांसाठी आपलं खातं आणि सिम दुसऱ्याच्या हाती देतात आणि मग आरोपी म्हणून आमच्यासमोर येऊन बसतात. खातं उघडताना आणि त्यावर अचानक लाखांची उलाढाल दिसल्यावर बँकेने दोन प्रश्न विचारले असते, तर त्यातली कितीतरी वाचली असती. आपण ब्रिटनची रक्कम उचलू नये, पण तत्त्व जरूर घ्यावं.

खंडणी द्यावी का, हेही तुम्ही विचारलं आहे. ती देणं हाच गुन्हा, असं म्हणणारं सरळ कलम आपल्याकडे नाही. ऑस्ट्रेलियाने मे २०२५ पासून ठरावीक उलाढालीच्या वरच्या उद्योगांना खंडणी दिल्यास ७२ तासांत सरकारला कळवणं सक्तीचं केलंय, तसंही आपल्याकडे अजून नाही. माझा सल्ला स्पष्ट आहे: देऊ नका. किल्ली मिळेलच याची हमी नसते, आणि मार्च २०२३ पासून क्रिप्टो व्यवहार करून देणाऱ्या कंपन्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आल्या आहेत, त्यामुळे त्या रकमेचा माग तुमच्यापर्यंत राहतो. भाऊ जर्मन वाहन कंपन्यांच्या साखळीत माल देत असेल तर त्यांच्याशी केलेला करार आजच काढून वाचा. युरोपीय संघाच्या निस-२ या सायबर सुरक्षा निर्देशाने पुरवठादारांच्या सुरक्षेची जबाबदारी मोठ्या कंपन्यांवर टाकली आहे आणि टायसॅक्स ही वाहन उद्योगातली माहिती सुरक्षेची तपासणी चाकण-भोसरीत आता अनेकांना परिचित आहे. घटना ठरावीक तासांत कळवण्याची अट त्या करारात बहुधा असेलच, आणि ती मोडली तर ऑर्डर जाण्याचा धोका सर्ट-इनच्या दंडाहून जवळचा आहे.

तेव्हा आज संध्याकाळपर्यंत सर्ट-इनला कळवा, सायबर पोलिसांत फिर्याद द्या आणि पोच घ्या. विमा पॉलिसी असेल तर तिच्यातली कळवण्याची मुदत बघा, फिर्यादीची प्रत तिथे लागेलच. आणि कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्याबरोबरचा वार्षिक देखभाल करार शोधून ठेवा. बॅकअप कुणी घ्यायचा आणि बाहेरून सर्व्हरवर येण्याचा रस्ता कुणी उघडा ठेवला, यावर पुढचा सगळा वाद उभा राहील. हा करार नुसत्या एका बिलावर, अटींशिवाय चालू असेल, तर आधीचे व्हॉट्सॲप संदेश आणि मेल डिलीट होऊ देऊ नका. अटी मग त्यातूनच सिद्ध कराव्या लागतील.